कुटचे नऊ मेकॅनिक

ताई, बी-३०२: काका, काल गच्चीवर कुटच्या वेढ्याचं अर्धवट राहिलं. इथे लिहाल का? लेकालाही वाचायला देते.

काका, ए-१०३ (निवृत्त हवालदार, ईएमई, म्हणजे सैन्याची यंत्रदुरुस्ती शाखा): लिहितो. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमध्ये आपली सहावी पुणे डिव्हिजन लढत होती. विमानं चालवायला माणसं हवीत म्हणून हिंदुस्थान सरकारनं ऑस्ट्रेलियाकडे मागणी केली. एप्रिल १९१५ मध्ये मेलबर्नहून छोटी तुकडी निघाली, मुंबईमार्गे बसऱ्याला गेली. अधिकारी चार, बाकीचे चाळीसेक शिपाई, त्यात बरेच मेकॅनिक. विमानं लाकडाची आणि कापडाची. त्या उन्हात, धुळीत इंजिनं चालू ठेवणं काय असतं, हे मला माहीत आहे. मी आयुष्यभर तेच केलं.

दादा, सी-२०१: मग ते पकडले कसे गेले?

काका, ए-१०३: कुट हे इराकमधलं टायग्रिस काठचं गाव. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी तिथे आपल्या डिव्हिजनला वेढा घातला. नऊ ऑस्ट्रेलियन मेकॅनिक आत अडकले. बाहेरून आपल्या विमानांनी धान्याची पोती टाकली, दळायला जात्याचे दगडसुद्धा टाकले. तरी उपासमार झालीच. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, तेरा हजारांच्या आसपास कैदी. उपाशी, आजारी माणसांना वाळवंटातून बगदाद, मोसुल, आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनपर्यंत चालवलं. मागे पडेल तो तिथेच मेला. जे पोहोचले त्यांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. नऊ मेकॅनिकांपैकी परतले दोघेच, स्लॉस आणि हडसन.

ताई, बी-३०२: बापरे. सात गेले!

काका, ए-१०३: हो. आणि कुटमधल्या आपल्या फौजेचे ब्रिटिश सेनापती टाउनशेंड मात्र कैदेतही इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात. मला याचा आजही संताप येतो.

दादा, सी-२०१: याच तुकडीचा एक वैमानिक पळाला होता ना?

काका, ए-१०३: कॅप्टन व्हाइट. तो कुटमध्ये नव्हता. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ शत्रूच्या टेलिग्राफच्या तारा तोडायला विमान घेऊन उतरला, तेव्हा सापडला. १९१८ मध्ये निसटला, पुढे ऑस्ट्रेलियात मंत्री झाला. धाडसी माणूस, वाद नाही. पण अधिकाऱ्यांची कैद वेगळी आणि हाताला ग्रीस लागलेल्यांची वेगळी.

ताई, बी-३०२: आपली माणसं होती का कुटमध्ये?

काका, ए-१०३: होती की! १०३, ११० आणि ११७, तिन्ही मराठा पलटणी. रास अल-ऐनला रूळ टाकणाऱ्यांत हिंदुस्थानी कैदीच जास्त. गावाकडे कुणाचे पणजोबा या पलटणींत होते का, विचारा. पदक, पत्र, फोटो, काहीही सापडलं तर ग्रुपवर टाका. मी रविवारी बसून सगळं एकत्र लिहून काढतो.

दादा, सी-२०१: साताऱ्याला आत्याकडे एक जुनं पदक आहे. आजच फोन करतो.