पहिली दुर्बीण घासायची की विकत घ्यायची?

निशाचर

हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटांतून सध्या एक मजकूर फिरतोय. ज्यांना अजून आला नसेल त्या भाग्यवंतांसाठी सारांश: पहिली दुर्बीण स्वतः आरसा घासूनच बनवावी, सहा इंची आरसा दोन रविवारांत होतो, आणि विकतची घेणारा नुसता गिऱ्हाईक, त्याला आकाशातलं काय कळणार. खाली टाळ्या आणि नमस्कारांचा पाऊस.

दोन रविवार? हिशेब मांडू. १५० मिमी, एफ/८ चा आरसा म्हणजे फोकल लेंग्थ (प्रकाश एकवटतो ते अंतर) व्यासाच्या आठपट, १२०० मिमी, आणि वक्रता त्रिज्या त्याच्या दुप्पट, २४०० मिमी. मध्यभागी खोली लागते जेमतेम १.१७ मिमी. ऐकायला काहीच नाही. ८० नंबरच्या कार्बोरंडमने (घासायची भुकटी, नंबर वाढेल तशी बारीक) तेवढी पाडायला नवख्याला तीन-चार तास सहज जातात. मग १२०, २२०, ३२०, ४००, ६००, प्रत्येकी तास-दीड तास. दर पायरीनंतर टेबल, बादली, हात, नखं, अंगातला शर्ट, सगळं धुवायचं, कारण ८० चा एक कण ४०० च्या फेरीत शिरला की ओरखडा पडलाच, आणि तो काढायला पुन्हा मागच्या पायऱ्या. मग पिचवर (राळेच्या थरावर) सिरियम ऑक्साइडच्या पावडरने आठ-दहा तास पॉलिश. मग आकार देणं, ज्याचा हिशेब तासांत होतच नाही. मग कोटिंगला, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत थर द्यायला, पाठवा आणि वाट बघा.

एवढं करून हातात येतो फक्त आरसा. नळी, दुय्यम आरसा, आयपीस (डोळा लावायचं भिंग), तो पुढेमागे करणारा फोकसर, बैठक, सगळं पुढेच आहे. ज्याला शनीची कडी बघायची आहे त्याच्या हातात कार्बोरंडमची पुडी देणं हा उपदेश नव्हे, शिक्षा आहे. बहुतेकांची काच २२० नंबरपाशी थांबते आणि पलंगाखाली जाते. तयार डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, थोडक्यात डॉब) घ्या, आज रात्री गुरू बघा.

सिरियमवाला

दोन रविवार ही अतिशयोक्ती, मान्य. पण बाकी मजकुरात खोटं काय आहे ते सांगा.

तुम्ही 'तयार घ्या' म्हणता तेव्हा नवखा काय घेतो? खोक्यावर ५२५ पट छापलेली ६० मिमीची नळी. ७०० मिमी फोकल लेंग्थ, ४ मिमीचा आयपीस, म्हणजे १७५ पट, वर ३ पटीचा बार्लो, म्हणजे पट वाढवणारं भिंग. झाले ५२५. साठ मिमीच्या भिंगाची उपयोगी मर्यादा १२० पटींच्या आसपास, त्यापुढे फक्त धुकं मोठं होतं. त्याहून वाईट ती ११४ मिमी व्यासाची आखूड नळी जिच्यावर फोकल लेंग्थ १००० मिमी लिहिलेली असते. नळी अर्ध्या मीटरची, मग १००० आले कुठून? फोकसरच्या आत एक भिंग बसवलेलं असतं. त्या भिंगामुळे लेझरने कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) धड होत नाही आणि घेणारा वर्षभर स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसतो.

ज्याने आरसा घासलाय तो या खोक्यांना फसत नाही. आणि हे सगळं एकट्याने करायचं नसतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, आयुका या तिथल्याच खगोलशास्त्र संस्थेत दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा झाल्यात. दहा जण एकत्र बसले की कार्बोरंडम, पिच, तपासणीचं यंत्र सगळं सामाईक होतं.

अर्धचंद्र

खोक्यावरचा आकडा खोटा ठरवायला भागाकार पुरतो. त्यासाठी सहा महिने काच घासायची गरज नाही.

सिरियमवाला

भागाकार सगळ्यांना येतो. करतं कोण?

स्वातीनक्षत्र

दोन्हीकडून घाई चाललीय. 'घासलेला' म्हणजे चांगला आणि 'तयार' म्हणजे वाईट असं काही नसतं. प्रश्न आरशाचा पृष्ठभाग गोलीय (चेंडूच्या पृष्ठाचा तुकडा) की पॅराबोलिक (सगळा प्रकाश एका बिंदूत आणणारा) एवढाच. गोलीय करणं सोपं, कारण दोन काचा एकमेकींवर सरळ मागेपुढे, व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या झोक्याने, काच आणि स्वतः फिरत फिरत घासल्या की गोल आपोआप येतो. पॅराबोला आणावा लागतो.

११४ मिमी, ९०० फोकल लेंग्थ: निव्वळ गोलीय आरशाची चूकही प्रकाशाच्या पाव लहरीच्या आत बसते, तिथपर्यंत चालतं. १५० मिमी, १२००: बरोबर सीमेवर. १३० मिमी, ६५०: गोलीय असेल तर चूक जवळपास एक लहर, म्हणजे ग्रह कधीच धारदार दिसणार नाही. या शेवटच्या मापाच्या काही तयार दुर्बिणी पॅराबोलिक येतात, काही नाही, आणि खोक्यावर ते लिहिलेलं असेलच असं नाही. विकत घेताना विचारायचा प्रश्न हा. पटीचा नव्हे.

सिरियमवाले, तुमच्या गटातल्या किती आरशांची फूको चाचणीची (आरशाचा आकार तपासायची) नोंद लिहून ठेवलेली असते? आरशाकडून परतणाऱ्या प्रकाशात चाकूची धार धरून आरशावरची सावली बघायची, डोनटसारखी दिसली की 'झालं' म्हणायचं, हे चालत नाही. १५० एफ/८ ला मध्य आणि कड यांच्या वाचनात, दिवा धारेबरोबर सरकत असेल तर, सुमारे १.२ मिमीचा फरक यायला हवा. दिवा स्थिर असेल तर दुप्पट. महागडा मायक्रोमीटर लागत नाही, एम६ चा बोल्ट घ्या, एका फेऱ्याला एक मिमी सरकतो, डोक्यावर कागदी चकती चिकटवून दहा भाग करा.

सिरियमवाला

ताई, नोंदी असतात. मागितल्या तर दाखवू. पण विकतच्या आरशाबरोबर कुणी नोंद देतं का हो? ते कुणीच विचारत नाही.

बाकी नवख्याची खरी अडचण चाचणी नसतेच, पिच असतो. राळ आणि थोडं एरंडेल मंद आचेवर, हॉटप्लेटवर, कधीही उघड्या जाळावर नाही. गार झाल्यावर अंगठ्याचं नख मध्यम दाबाने टेकवलं तर खूण उठली पाहिजे. खूणच नाही तर कडक, ओरखडे पडतील. नख रुतलं तर मऊ, आरशाची कड खाली वळेल. एप्रिलमध्ये जमलेला पिच डिसेंबरात दगड होतो, म्हणून एरंडेलाचं माप ऋतूप्रमाणे. आणि पिचवरच्या खाचांचं जाळं मधोमध आणू नका, थोडं सरकवून पाडा, नाहीतर आरशावर वर्तुळाकार पट्टे उमटतात.

पिक्सेलभट

मंडळी, हे १९७५ साल नाही. ५० मिमीचं स्मार्ट यंत्र मिळतं. गच्चीवर ठेवा, फोनवरून नाव निवडा, ते स्वतः तारे ओळखून दिशा घेतं, दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम एकावर एक रचतं. शहराच्या उजेडातून मृगातला तेजोमेघ रंगात दिसतो. तुमच्या १५० मिमीच्या आयपीसमधून राखाडी ढग दिसतो, तोही काळोख असेल तर. घासत बसा.

निशाचर

ते 'दिसणं' नव्हे, फोटो बघणं.

अर्धचंद्र

आणि ग्रहांचं काय? असलं एक ५० मिमीचं स्मार्ट यंत्र, सीस्टार एस५०, धरू. फोकल लेंग्थ २५०, पिक्सेल २.९ मायक्रॉन, म्हणजे एका पिक्सेलला साधारण २.४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). गुरू भरात असताना पंचेचाळीस ते पन्नास विकला. वीसेक पिक्सेलचा गुरू. अभिनंदन.

पिक्सेलभट

ग्रहांसाठी ते यंत्र नाहीच, कंपनीही तसं म्हणत नाही. तुम्ही माशाला झाडावर चढायला सांगताय.

खारी_हवा

मूळ वादात पडत नाही. घासलेला असो वा विकतचा, कोकणात जून ते सप्टेंबर आरसा ठेवायचा कुठे, हे कुणी सांगेल का? सगळे सल्ले पुण्याच्या कोरड्या हवेतून येतात. इकडे पावसाळ्यात भिंतीला पाणी सुटतं. सध्या आरसा तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला मिळालाय.

निशाचर

तांदूळ अजिबात नको. पाणी शोषायची ताकद कमी, आणि भुकटी आरशावर बसते. ती स्टार्च, बुरशीचं जेवण. वर पोरकिडे. कपाटात डांबरगोळ्या टाका, बुरशी लागत नाही.

स्वातीनक्षत्र

डांबरगोळ्या? निशाचर, कृपा करून असं लिहू नका, कुणीतरी करेल. नॅफ्थलीनची वाफ होते आणि थंड पृष्ठभागावर तीच पुन्हा थर होऊन बसते. तुमच्या कपाटातला सगळ्यात गुळगुळीत थंड पृष्ठभाग कुठला असेल बरं?

निशाचर

कपड्यांना चालतात.

स्वातीनक्षत्र

कपड्यांतून शनी बघत नाहीत.

अर्धचंद्र

कपाटात दिवा लावून ठेवा. हवा गरम झाली की सापेक्ष आर्द्रता उतरते. २८ अंशांना ९० टक्के असलेली हवा ३३ अंशांवर नेली की ६८ च्या आसपास. पाच अंशांत एवढा फरक. फक्त एलईडी लावू नका, त्याची उष्णता पुरत नाही, जुना पिवळा १५ वॉटचा लागतो.

सिरियमवाला

६८ टक्के म्हणजे बुरशीच्या उंबरठ्यावरच. आणि वीज गेली की? पावसाळ्यात कोकणात वीज जाते हो. कपाट गार होतं आणि बाहेरची ओली हवा आत ओढून घेतं. नंतर दिवा पेटला तरी ते पाणी आतच.

अर्धचंद्र

मग तुम्ही सांगा. टीका सोपी असते.

सिरियमवाला

सांगतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. एवढंच. १२०० मिमीची नळी डब्यात मावत नाही, म्हणून आरसा त्याच्या सेलसकट, म्हणजे धरून ठेवणाऱ्या पाटीसकट, काढायचा. हाताने फिरवायचे तीन विंगनट सैल केले की सुटतो. आरसा डब्यात, नळी कोपऱ्यात. ज्याने सेल स्वतः बनवलाय, तीन बिंदूंवर टेकवलेला, त्याला हे दोन मिनिटांचं काम. घासणाऱ्याचा फायदा इथेही दिसतो.

निशाचर

वा, फिरून तिथेच. तयार डॉबचा सेलही मागच्या बाजूने स्क्रूंनीच बसवलेला असतो. स्क्रूड्रायव्हर विकत मिळतो.

पिक्सेलभट

स्मार्ट यंत्र अख्खंच डब्यात मावतं, हे नम्रपणे नमूद करतो.

स्वातीनक्षत्र

यावेळी पिक्सेलभटांचं बरोबर आहे, लिहिताना बोटं दुखली.

खारी_हवा, तपशील देते. सिलिका जेल निळ्या दाण्यांचं घेतलंत तर ओलं झाल्यावर गुलाबी होतं, केशरी घेतलंत तर हिरवं. केशरी घ्या, निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, घरात मुलं असतील तर नको. पंधरा-वीस लिटरच्या डब्याला पाव किलो भरपूर, झाकणाची रबरी रिंग धड असेल तर. पुन्हा वापरायला १२० अंशांना दोन तास ओव्हनमध्ये, पसरट ताटलीत. मायक्रोवेव्ह नको, दाणे फुटतात. पुड्या आरशाला टेकू देऊ नका. डब्यात स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, ४० ते ५० च्या मध्ये राहू दे.

त्याहून महत्त्वाचं: दव पडलेला आरसा झाकण लावून कधीही बंद करायचा नाही. वांगणीसारख्या निरीक्षणाच्या जागी रात्र काढून पहाटे सगळे हेच करतात, नळीला टोप्या घालून गाडीत. ते पाणी आतच राहतं. घरी आल्यावर टोप्या काढून, नळी खाली तोंड करून सुकू द्या, मग झाका.

खारी_हवा

आभार. आणि खाऱ्या हवेचं काय? आरशावर आत्ताच बारीक टाचणीएवढे डाग दिसतायत. उजेडाकडे धरला की पलीकडचं दिसतं.

स्वातीनक्षत्र

पलीकडचं दिसतंय म्हणजे अ‍ॅल्युमिनियम गेलंय, ते बुरशी नव्हे. पुसून येणार नाही. थोडे असतील तर विसरा, प्रतिमेवर परिणाम नगण्य. वाढत गेले तर नव्याने कोटिंग. देताना वर संरक्षक थर मागून घ्या, किनाऱ्यावर उघडं अ‍ॅल्युमिनियम टिकत नाही.

आधी एकदा धुवा: नळाच्या धारेखाली धूळ जाऊ द्या, मग डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब, कापसाचा बोळा फक्त स्वतःच्या वजनाने, मध्यापासून कडेकडे, दर फेरीला नवा बोळा. शेवटी डिस्टिल्ड पाणी, आणि आरसा उभा ठेवून निथळू द्या. कपड्याने टिपू नका.

अर्धचंद्र

एका ओळखीच्यांनी धोतराच्या मऊ कापडाने पुसला होता, काही झालं नाही.

सिरियमवाला

ओळखीच्यांचे किस्से नकोत, त्या आरशाचा तारा फोकसबाहेर नेऊन काढलेला फोटो दाखवा.

निशाचर

असो. डांबरगोळ्यांची ओळ मागे घेतो, ताईंचा जय असो. मूळ मुद्द्यावर मात्र ठाम. नवख्याने आधी तयार १५० किंवा २०० ची डॉब घ्यावी, ऑक्टोबरात, पावसाळा संपल्यावर. वर्षभर आकाश बघितल्यावर हात शिवशिवले तर घासावं.

सिरियमवाला

वर्षभराने कुणी घासत नाही, मोठी विकत घेतात. पण ठीक आहे, 'पहिली' हा शब्द मजकुरातून काढायला सांगतो. 'गिऱ्हाईक' राहील.

खारी_हवा

१५० मिमीच्या आरशाला सेलसकट आतला व्यास किती लागेल डब्याचा? इथल्या दुकानात २०० चा आणि २५० चा आहे, दोन्हींना रबरी रिंग आहे.

सिरियमवाला

२५० चा. सेलची लाकडी पाटी कडेला १५-२० मिमी बाहेर येते आणि बोटं घालायला जागा लागते. तळाला फोमची चकती टाका, आरसा तोंड वर करून, वर काही ठेवू नका.