मदत हवी आहे : डेस्कटॉपवरचे आयकॉन आणि टास्कबार गायब

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला घरी विंडोज १० चा कॉम्प्युटर आहे. परवापासून लॉगिन केलं की नुसता वॉलपेपर आणि माउसचा बाण दिसतो. खालची पट्टी नाही, स्टार्ट बटण नाही, एकही आयकॉन नाही. राइट क्लिकही चालत नाही.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर मात्र उघडतो. तिथे ‘रन न्यू टास्क’मध्ये एक्सप्लोरर डॉट ईएक्सई (डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्रॅम) टाकलं की सगळं जागच्या जागी येतं. म्हणजे फायली शाबूत आहेत. पण रीस्टार्ट केलं की पुन्हा तेच.

त्याच्या आदल्या दिवशी अँटिव्हायरसने काहीतरी पकडून काढून टाकलं होतं. म्हणून रजिस्ट्रीत (विंडोजची सगळी सेटिंग्ज जिथे असतात तिथे) विनलॉगॉन या लॉगिनच्या भागाखाली ‘शेल’ची, म्हणजे लॉगिननंतर कुठला डेस्कटॉप प्रोग्रॅम चालू करायचा याची, नोंद बघितली. तिथे फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई असायला हवं; आमच्याकडे ॲपडेटा फोल्डरमधल्या कुठल्या तरी भलत्याच फाइलचा पत्ता आहे आणि ती फाइल आता जागेवर नाही. मला वाटतं दुखणं इथंच आहे.

जाणकारांनी सांगावं : ही नोंद दुरुस्त केली की पुरे, की ‘युजरइनिट’ (लॉगिन होताच चालणारा प्रोग्रॅम) आणि स्टार्टअपच्या (आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नोंदीही तपासायच्या? रजिस्ट्रीचा बॅकअप काढून ठेवलाय.

दुकानवाले सरळ फॉरमॅट मारा म्हणतात. पण बाबांचा मार्केट यार्डातल्या हळदीचा सगळा हिशेब टॅलीत सी ड्राइव्हवरच आहे. पेनड्राइव्हवर कॉपी घेतोय, पण व्हायरस सोबत जाईल का, हीच धास्ती आहे. कृपया लवकर सांगा.