विभागप्रमुख म्हणून सहकाऱ्यांचं वार्षिक मूल्यमापन लिहायचंय, सल्ला हवा

शतावरी

नमस्कार मंडळी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. या वर्षी विभागप्रमुखपद माझ्याकडे आलं. आता सगळ्यांचे स्वयंमूल्यमापनाचे फॉर्म टेबलावर येऊन पडलेत आणि प्रत्येकाच्या शेवटी 'विभागप्रमुखांचा अभिप्राय' म्हणून दोन ओळींची जागा आहे. जुन्या फाइली काढून बघितल्या. वर्षानुवर्षं सगळ्यांना 'काम समाधानकारक'. प्रॅक्टिकलला मुलांना उभं करून स्टाफरूममध्ये जाऊन बसणाऱ्यालाही तेच, आणि आदल्या संध्याकाळी थांबून द्रावणं करून ठेवणाऱ्यालाही तेच.

मला असं लिहायचं नाही. पण दोन गाठी सुटत नाहीत. एक, विभागातले सगळ्यांत ज्येष्ठ सर. बी.एस्सी.ला मी त्यांच्याकडेच शिकले. निवृत्ती जवळ आलीय, तास उशिरा सुरू होतात, कधी होतच नाहीत. दुसरी, तासिका तत्त्वावरची एक मुलगी. नॅकच्या, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणाऱ्या तपासणीच्या, निम्म्या फाइली तिने केल्या, पण तिच्यासाठी फॉर्मच नाही.

महिनाअखेर द्यायचंय. पैसे शून्य, त्यामुळे कृपया सॉफ्टवेअर सुचवू नका. गुण देऊन क्रमवारीही लावायची नाही. न्याय्य अभिप्राय कसा लिहायचा, एवढंच विचारतेय.

कोयनाकाठ

ताई, आमच्या संस्थेने सॉफ्टवेअर घेतलं आणि सगळ्या कटकटी संपल्या. प्राध्यापक आपापली माहिती भरतात, पुरावे अपलोड करतात, प्राचार्यांना एका क्लिकवर अख्ख्या विभागाचा आलेख दिसतो. नॅकच्या टीमनेही कौतुक केलं. खर्च होतो, पण दरवर्षीची वणवण वाचते. प्राचार्यांकडे शब्द टाकून बघा.

निवृत्त_पण_कार्यरत

बराच काळ प्राचार्य होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आधी नियम काय म्हणतो ते बघा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१० च्या नियमावलीत एपीआय गुणांची, म्हणजे प्रत्येक कामाला ठरावीक गुण देण्याची, भानगड होती. कोणी किती परिषदांना गेलं, किती पेपर छापले, याची बेरीज करण्यात लोकांची उमेदीची वर्षं गेली. २०१८ च्या नियमावलीत वार्षिक मूल्यमापन सोपं झालं. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर 'चांगले', ७० ते ८० मध्ये 'समाधानकारक', ७० च्या खाली 'असमाधानकारक'. दुसरा भाग उपक्रमांचा. परीक्षेची कामं, एनएसएस, अभ्याससहली, संशोधन मार्गदर्शन, शोधनिबंध वगैरेंपैकी किमान तीन असतील तर 'चांगले', एक-दोन असतील तर 'समाधानकारक'. बस, एवढंच.

म्हणजे तुमच्या ज्येष्ठ सरांचा निकाल तास मोजून लागतो. त्यात तुमचं मत मिसळू नका. आकडा लिहा आणि सही करा.

गणिती

प्राचार्यसाहेब, आकडा लिहा म्हणणं सोपं आहे. छेद कोणता घ्यायचा? वेळापत्रकातले सगळे तास धरले तर गॅदरिंग, युवा महोत्सव, विद्यापीठाच्या परीक्षेला वर्गखोल्या दिल्या ते दिवस, निवडणुकीची ड्यूटी हे सगळं शिक्षकाच्या डोक्यावर बसतं. वर्ग भरलाच नाही त्याला तो काय करणार?

वैद्यकीय, बाळंतपणाची, बालसंगोपनाची, अभ्यासाची, अशा पगारी रजेचा काळ मूल्यमापनातून वगळायचा असं त्याच नियमावलीत स्पष्ट लिहिलंय. आमच्या कॉलेजात तो वगळला नव्हता. एका मॅडमना बाळंतपणाच्या वर्षी थेट 'असमाधानकारक' आलं आणि त्यांचं पदोन्नतीचं प्रकरण अडकून पडलं.

शतावरी, तुम्ही तीन आकडे वेगवेगळे लिहा: नेमलेले तास, महाविद्यालयाच्या कारणाने बुडालेले, शिक्षकाच्या कारणाने बुडालेले. मग टक्केवारी काढा. डेली डायरीतून हे एका दुपारी निघतं.

खानदेशी_मास्तर

टक्केवारी, छेद, अंश. चालू द्या. त्या तासिकावाल्या मुलीबद्दल एक अक्षर नाही कोणाचं. मी प्राध्यापकपदासाठीच्या नेट-सेट पात्रता परीक्षा देऊन वर्षानुवर्षं तासिकेवर आहे. तासाला पैसे, उन्हाळ्यात हात हलवत घरी. पर्यवेक्षण आम्ही, पेपर तपासणं आम्ही, नॅकला बॅनर लावायला आम्ही, आणि मूल्यमापनाचा फॉर्म फक्त पर्मनंटना. न्याय्य मूल्यमापनाच्या गप्पा मारायच्या तर आधी जागा भरा.

निवृत्त_पण_कार्यरत

जागा भरणं विभागप्रमुखांच्या हातात नसतं हो.

खानदेशी_मास्तर

अनुभवाचं पत्र देणं असतं ना? ते तरी कोण देतं? आमच्याकडे मागितलं तर 'संस्थेला विचारावं लागेल'.

टॉपर_नव्हतो

मी शिक्षक नाही, माजी विद्यार्थी आहे. साधा उपाय सांगतो: मुलांना विचारा. गूगल फॉर्म, पाचपैकी गुण, सरासरी काढा. कोण शिकवतं आणि कोण टाइमपास करतं हे मागच्या बाकावरच्या मुलालाही कळतं. एक पैसा खर्च नाही.

मीमांसा

विचारायला हवं हे मान्य, पण सरासरीवर विसंबू नका. अमेरिकेत २०१५ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ऑनलाइन कोर्स, एक शिक्षक आणि एक शिक्षिका. दोघांनी एकेका गटाला स्वतःच्या नावाने शिकवलं आणि एकेका गटाला एकमेकांच्या नावाने. गृहपाठ सगळ्यांना एकाच वेळी तपासून परत दिला होता. तरी 'वेळेवर परत देतात' या मुद्द्याला पुरुषी नाव असलेल्याला ४.३५ आणि बाईच्या नावाला ३.५५. मुलं फक्त ४३ होती, त्यामुळे त्यावरून सगळं जग ठरवू नये. पण २०१८ मध्ये टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठाच्या वादात लवादाने निकाल दिला, की बढती ठरवताना अध्यापनाची परिणामकारकता मोजायला विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेल्या गुणांची सरासरी वापरू नये.

मुलांना विचारायचं तर त्यांना जे नक्की ठाऊक असतं तेवढं विचारा. तास वेळेवर सुरू होतो का, शंका विचारली तर उत्तर मिळतं का, जर्नल तपासून परत मिळतं का. 'सरांचं विषयज्ञान कसं आहे' हे एफ.वाय.च्या मुलाला विचारून काय मिळणार?

टॉपर_नव्हतो

म्हणजे मुलांना अक्कल नाही असंच ना? फी आम्ही भरतो.

मीमांसा

तसं म्हटलेलं नाही. प्रतिसाद पुन्हा वाचा.

सह्याद्रीचा_कडा

माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या विभागात एकाला मुलांनी दिलेल्या गुणांची सरासरी कमी आली म्हणून पुढच्या वर्षी त्याने इंटर्नलला सगळ्यांना २० पैकी १९ दिले. सरासरी वर. आता तो 'उत्कृष्ट शिक्षक'. त्यामुळे +१ मीमांसा.

बाकी प्रकाशनांना फार किंमत देऊ नका. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने मान्य नियतकालिकांच्या स्वतःच्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढली होती. त्यांत पैसे भरून छापलेल्यांनी गुण मात्र आधीच घेतले होते.

कोयनाकाठ

नियतकालिक यादीत आहे की नाही हे सॉफ्टवेअर आपोआप तपासतं.

सह्याद्रीचा_कडा

कोणती यादी? त्यानंतर आलेली यूजीसीची केअर यादीच २०२५ मध्ये बंद झाली.

गणिती

तासांकडे या हो, धागा भरकटतोय. पाच वाजता अंगठा लावला म्हणजे तास झाला, असं धरू नका, एवढं मात्र सांगून ठेवतो. बायोमेट्रिकला आत-बाहेर कळतं, वर्ग कळत नाही.

कायद्याचं_बोला

प्राध्यापक नाही, सेवाविषयक प्रकरणं चालवते. शतावरी, अभिप्राय लिहून गुपचूप पुढे पाठवू नका. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा देवदत्त निकाल बघा. सीमा रस्ते विभागातला अभियंता. बढतीला पाच वर्षं 'अतिशय चांगला' शेरा हवा होता, एका वर्षी नुसता 'चांगला' आला आणि त्याला तो कळवलाच नाही. बढती गेली. न्यायालय म्हणालं, शेरा कोणताही असो, कळवायचा, कारण 'चांगला'सुद्धा इथे माणसाचं नुकसान करून गेला. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच कायम केलं. निकाल सरकारी नोकरांबाबत आहेत, पण तुमच्या संस्थेनेही त्याच शिस्तीने वागावं हे बरं. लेखी कळवा, पोच घ्या, उत्तर द्यायला मुदत द्या.

जुनी_खोड

वरचे सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण एक सुचवते: गूगल फॉर्म करून विद्यार्थ्यांचा फीडबॅक घ्या. फुकट होतं.

मेलबर्नहून_आजी

इथल्या विद्यापीठात शिकवते. आमच्याकडे सहकारी एकमेकांच्या वर्गात बसतात. आधी भेटून विचारायचं, 'आज मी कशाकडे लक्ष देऊ?' मग तास बघायचा. मग त्याच आठवड्यात बोलायचं. चांगलं-वाईट न ठरवता दिसलं ते लिहायचं. प्रश्न विचारल्यावर शिक्षिका किती वेळ थांबली, फळ्यावर काय राहिलं, शेवटची रांग काय करत होती. बाळा, तू जाऊन बस वर्गात, पण न सांगता जाऊ नकोस.

निवृत्त_पण_कार्यरत

आजी, इकडे विभागप्रमुख वर्गात जाऊन बसला तर दुसऱ्या दिवशी संघटनेचं पत्र येतं. अजिबात करू नका.

सह्याद्रीचा_कडा

सहमत. विषाची परीक्षा कशाला?

दौत_टाक

भाषेबद्दल थोडं. आमच्या विभागाचे अभिप्राय मी लिहिते आणि विशेषणं टाळते. 'वर्गावर नियंत्रण नाही' असं लिहिलं तर समोरचा भांडायला येतो, आणि त्याचं बरोबरच असतं, कारण त्या वाक्यात पकडायला काहीच नाही. त्याऐवजी: 'दुसऱ्या सत्रात गुरुवारच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या आहेत, पण वाचनातल्या चुका दुरुस्त केलेल्या नाहीत. पुढच्या सत्रात प्रत्येक प्रयोगानंतर आठवड्यात तपासून द्यावीत, असं ठरलं.' हे वाचून माणसाला काय करायचं ते कळतं. चांगल्या कामाचंही तसंच. 'मेहनती' लिहून उपयोग नाही. 'टायट्रेशनचं द्रावण आदल्या दिवशी तयार ठेवल्यामुळे बॅच वेळेत सुटली' हे लिहा.

आणि सगळ्यांचे फॉर्म एका बैठकीत लिहू नका. पहिला मुद्दा आठही जणांचा, मग दुसरा मुद्दा आठही जणांचा, असं लिहा. नाहीतर पहिल्या माणसाला मोठा परिच्छेद मिळतो आणि शेवटच्याला कंटाळा.

खानदेशी_मास्तर

यातला आठवा तासिकावाला असेल तर त्याचंही लिहा.

निवृत्त_पण_कार्यरत

ज्येष्ठ सरांबाबत शेवटचं सांगतो. तुम्ही विभागप्रमुख आहात, अभिप्राय तुम्हीच लिहायचा. निवृत्ती तोंडावर आहे, 'समाधानकारक' लिहून मोकळ्या व्हा.

गणिती

मुळीच नाही. टक्केवारी येईल तीच लिहा. पण लिहायचं तुम्हीच, हे खरं.

कोयनाकाठ

तुम्हीच लिहायला हवं. पद घेतलं की हेही आलं.

शतावरी

सगळ्यांचे मनापासून आभार. बरंच सुटलं.

तासांचे तीन आकडे काढले. कालची दुपार आणि आजची सकाळ गेली, पण डायऱ्या लावून झाल्या. एका सहकाऱ्याचे तास कमी दिसत होते, ते सगळे निवडणुकीच्या कामाचे निघाले. हे बघितलंच नसतं तर त्याच्यावर उगाच शेरा आला असता. विद्यार्थ्यांना तीनच प्रश्न विचारणार, सरासरी काढणार नाही. अभिप्राय प्रत्येकाला वाचायला देणार, त्यांचं म्हणणं खाली जोडणार आणि मगच सही करणार.

वर्गात बसणार आहे. विभागाच्या बैठकीत आधी विचारलं आणि पहिला तास माझा बघायला सांगितलं. सोमवारी दोघं जण माझ्या इनऑरगॅनिकच्या तासाला बसतायत.

ज्येष्ठ सरांचा अभिप्राय मात्र मी लिहिणार नाही. तुम्ही सगळे म्हणालात तुम्हीच लिहा, तरीही नाही. त्यांच्याकडे मी शिकलेय. नरम लिहिलं तर माझ्या बाकीच्या अभिप्रायांवर कोण विश्वास ठेवेल? कडक लिहिलं तर ते न्यायाने लिहिलं की त्यांच्यापुढे पद दाखवायला, हे मलाच सांगता येणार नाही. तासांचा तक्ता, डायरी आणि विद्यार्थ्यांची उत्तरं जोडून फॉर्म उपप्राचार्यांकडे देतेय, कारणासह लेखी. त्यांचा विषय वाणिज्य आहे, सरांशी त्यांचं ना देणं ना घेणं. सरांनाही हे मी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, 'ठीक आहे, तक्ता मला आधी दाखव.' दाखवणार आहे.

खानदेशी_मास्तर, त्या मुलीसाठी तोच कोरा फॉर्म वापरून अभिप्राय लिहिला. पर्मनंटचा नाही म्हणून ऑफिस घेत नाहीये. त्यामुळे विभागाच्या आवक-जावक नोंदवहीत क्रमांक टाकून ठेवला. कोणत्या फाइली तिने केल्या आणि किती तास घेतले, सगळं त्यात आहे. अनुभवाचं पत्रही तयार करून प्राचार्यांच्या सहीला पाठवलंय.

निवृत्त_पण_कार्यरत

जबाबदारी टाळल्यासारखं दिसेल. मला हे पटलेलं नाही.

कायद्याचं_बोला

हितसंबंध लेखी कळवून बाजूला होणं यात गैर काहीच नाही. पण उपप्राचार्यांनी फॉर्म स्वीकारल्याची पोच घ्या. आणि सरांना तक्ता दाखवाल तेव्हा प्रत द्या, तारखेसह सही घ्या.

खानदेशी_मास्तर

प्राचार्यांची सही झाली की इथे कळवा. तिच्या पत्रात तासांचा आकडा अक्षरीही लिहा, मुलाखतीला तोच आधी बघतात.

शतावरी

अक्षरी लिहायचं राहिलं होतं. पत्र उद्या सकाळी परत मागवून घेते.