मदत हवी आहे : काचेला चिकटलेले छापील चित्र

इंग्लिश चित्रकार टर्नरच्या ट्रफाल्गरच्या सागरी लढाईच्या तैलचित्राची (मूळ चित्र १८२२–२४ चे, ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममधले) एक जुनी छापील प्रत वडोदऱ्यात आमच्या घरी आहे. भिंगातून रंगांचे ठिपके स्पष्ट दिसतात, त्यामुळे ती ऑफसेटच असावी आणि किमतीचा प्रश्न येत नाही. माउंट (चित्र काचेपासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) न घालता फ्रेम केल्यामुळे पावसाळी दमटपणात ‘व्हिक्टरी’च्या, म्हणजे नेमक्या पाहण्याजोग्या जहाजाच्या, कोसळत्या डोलकाठीपाशी कागद काचेला चिकटला आहे. मागची प्लाय काढल्यावर कडा सुटल्या, मात्र डोलकाठीपाशी रंग उपटू लागताच थांबलो. कागद चकचकीत लेपाचा असल्याने पाणी किंवा वाफ वापरलेली नाही. स्कॅन करून नवी प्रत काढण्याचा पर्याय नको आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संग्रहालयशास्त्र विभागात किंवा शहरात अन्यत्र खासगी कागदी चित्रे दुरुस्तीस घेतात का, आणि तोवर हे चित्र काचेसह आडवे ठेवावे की उभे?