विषय: मॅन्युअल शिकताना गाडी बंद पडते – पाय चुकतोय की इंजिन?

नमस्कार मंडळी,

आपल्यात गाडीतले जाणकार बरेच आहेत, म्हणून इथे विचारते आहे. आजवर ऑटोमॅटिकच चालवली. आता जुनी मॅन्युअल पेट्रोल गाडी घेतली आणि तिच्यावरच शिकते आहे. शिकणं निम्म्यावर असताना इंजिनचं काम निघालं. एका सिलिंडरमध्ये मिसफायर होता, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नव्हतं. ठिणगी देणारे कॉइल आणि प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करून झाली. तरीही सिग्नलला उभी असताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) खालीवर होतो, आणि निघताना कधी गाडी थरथरते, कधी बंदच पडते.

शिकवणारे म्हणतात, क्लच लवकर सोडताय. मेकॅनिक म्हणतो, गाडी ठीक आहे, सवय होईल. शेजारी बसलेला नवरा म्हणतो, जरा जास्त रेस दे. वर आता क्लच प्लेटही गेली असावी असं सांगतायत, म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. काम पूर्ण होईपर्यंत शिकणं थांबवावं का? मागे गाड्यांची रांग लागली की पाय कापायला लागतात, आणि त्यात गाडीवरही भरवसा नसेल तर फारच अवघड होतं.

– मंडळाची नवी सभासद

———

नमस्कार ताई,

थांबवू नका. पण गाडीचं खातं आणि पायाचं खातं आधी वेगळं करा. आजारी इंजिनावर शिकणाऱ्याला प्रत्येक धक्का आपलाच वाटतो, आणि मग तो भलत्याच सवयी लावून घेतो. गाडी बंद पडू नये म्हणून रेस वाढवून अर्धा क्लच धरून ठेवायचा, ही त्यातली सगळ्यात वाईट. चांगली प्लेटसुद्धा त्याने जळते.

सपाट मोकळ्या जागी जा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला टाका, एसी बंद करा आणि दोन्ही पाय पेडलांवरून काढून घ्या. आता फक्त आरपीएमची सुई बघा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ती 700 ते 900च्या आसपास स्थिर राहते. पाय जमिनीवर असताना सुई नाचत असेल, तर तिथे तुमचा काय संबंध? थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर किंवा बॅटरीची वायर काढल्यावर अनेक गाड्यांच्या ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवणं, पुन्हा शिकावं लागतं. काही गाड्यांत ते चालवता चालवता होतं, काहींत स्कॅनर लावून करून घ्यावं लागतं. दुसरी शक्यता म्हणजे काम करताना एखादा रबरी पाइप सैल राहिला किंवा चिरला, आणि तिथून जादा हवा आत जाते आहे. मेकॅनिकला ‘गाडी बंद पडते’ एवढंच सांगू नका. ‘इंजिन गरम, न्यूट्रल, एसी बंद, पाय काढलेले, तरी सुई स्थिर नाही’ असं सांगा. यावर ‘सवय होईल’ हे उत्तर त्याला देता येणार नाही.

सुई स्थिर असेल तर तिथेच पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता क्लच अगदी सावकाश वर येऊ द्या. एका जागी इंजिनचा आवाज किंचित जड होतो, सुई थोडी उतरते. तोच बाइटिंग पॉइंट, क्लच पकड घेतो ती जागा. पाय तिथेच रोखलात की गाडी चालण्याच्या वेगाने सरकू लागते, कारण आयडल टिकवायला ईसीयू स्वतःच हवा आणि इंधन वाढवतो. निरोगी इंजिन सपाट रस्त्यावर एवढं करतंच. ते जमेपर्यंत रेस देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

क्लचबद्दल. प्लेट घसरते आहे का हे थरथरण्यावरून ठरत नाही. चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जात असताना रेस द्या. आरपीएम झपकन वाढला आणि वेग मागेच राहिला, तर प्लेट घसरते आहे. निघतानाच नुसती थरथरत असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी इंजिन माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारे रबरी आधार) बघायला सांगा. माउंटिंगचं रबर गेलं की इंजिन जागेवर हलतं, आणि नेमका क्लचसारखाच धक्का बसतो. गिअरबॉक्स उतरवायचीच वेळ आली, तर प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती सोडवणारं रिलीज बेअरिंग एकदमच बदला आणि क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील तपासून घ्या. ते गळत असेल तर नवी प्लेटही तेलाने माखेल, आणि तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल.

सरावाच्या वेळी शेजारच्या माणसाने सूचना देण्यापेक्षा डॅशबोर्डवर नजर ठेवावी. शिकणाऱ्याचं लक्ष रस्ता आणि गिअरमध्ये असतं, दिवे त्याला दिसत नाहीत. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मिसफायर परतलाय असं समजा. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो खराब होतो, म्हणून रेस कमी करून सुरक्षित जागी थांबा. तेलाचा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद. तापमानाची सुई चढली तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी कडेला. रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणीही उघडायचं नाही.

– मंडळातले एक काका

———

काका, मनापासून धन्यवाद.

तुम्ही सांगितलंत तसं करून पाहिलं. पाय काढल्यावरही सुई 500च्या खाली जाऊन परत वर येत होती. मेकॅनिकला तुमच्याच शब्दांत सांगितलं, तेव्हा त्याने बॉनेट उघडून नीट पाहिलं. इनटेकजवळचा (इंजिनात हवा जाते तिथला) एक पाइप वाकतो तिथे खालच्या बाजूने चिरला होता, वरून दिसतच नव्हता. तो बदलल्यापासून सुई हलत नाही, आणि नुसत्या क्लचवर गाडी सरकते! त्या दिवशी किती बरं वाटलं, ते शब्दांत सांगता येत नाही. चौथ्या गिअरमध्ये मात्र आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही. म्हणजे प्लेट बदलावीच लागणार. नव्या क्लचबरोबर काय सांभाळू?

———

नमस्कार,

मी बरीच वर्षं मॅन्युअलच चालवते, घरातल्या मुलांनाही शिकवली, म्हणून मध्ये बोलते. नवी प्लेट बसल्यावर बाइटिंग पॉइंट बदललेला असेल, पेडलही बहुधा हलकं लागेल. जुन्या जागेची सवय झालेला पाय पहिल्यांदा गाडी बंद पाडणारच. तेव्हा घाबरून पुन्हा इंजिनवर संशय घेऊ नकोस. सपाट जागी, रेस न देता, तोच सराव परत कर. पहिले काहीशे किलोमीटर प्लेट बसू दे. जोरात निघणं नको, चढावर क्लचवर गाडी तोलणं तर नकोच, तिथे हँडब्रेक वापर.

आणखी एक, इंजिन नुकतंच दुरुस्त झालंय म्हणून. वेगात असताना पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकंच इंजिनला मर्यादेपलीकडे फिरवतात. इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर फक्त इंधन तोडतो, चाकांना थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह वाकू शकतात. म्हणून गिअर उतरवताना दांडा मुठीत आवळू नकोस. तळवा मोकळा ठेवून आधी न्यूट्रलला आण, दांडा आपोआप मधल्या रांगेत आला की सरळ मागे ओढ, आणि क्लच सोडायच्या आधी गिअर कुठला पडलाय याची खात्री कर.

गाडी आणायला जाशील तेव्हा बिल देण्याआधी तिथेच इंजिन गरम करून पाय काढून सुई बघ, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून चौथ्या गिअरची चाचणी त्याच्यासमोरच घे. रविवारी सकाळी मी मोकळी असते. सरावाला सोबत हवी असेल तर सांग, डॅशबोर्डकडे मी बघेन.

– मंडळातली एक काकू