भोसरीत सहा घरांची भाड्याची बिल्डिंग : पहिलीच गुंतवणूक, काय काय तपासू?

पहिलीच_खरेदी :

नमस्कार मंडळी. भोसरीत, दिघीच्या बाजूला एक छोटी बिल्डिंग विकायला आहे. जागा दोन गुंठे. तळमजला आणि वर दोन मजले, मजल्यावर दोन असे सहा वन बीएचके. मालक १ कोटी ३० लाख म्हणतो. पाच घरांचं भाडं प्रत्येकी ९,०००, अनामत ३०,०००, करार अकरा महिन्यांचे, नोटरी केलेले. सहाव्या घरात एक कुटुंब १४ वर्षांपासून आहे, भाडं ३,५००, कागद काही नाही. मालमत्ता कर वर्षाला ३२,०००. माझ्याकडे ४५ लाख आहेत, बाकी कर्ज काढणार. दलालाचं म्हणणं, हप्ता भाड्यातूनच निघेल. राहायला घर आहे, हे फक्त गुंतवणूक म्हणून. कोणते कागद मागू? आणि जुना भाडेकरू आत असताना व्यवहार करावा का?

हिशेबवही :

हप्ता भाड्यातून निघणार नाही. आकडे मांडून बघा.

महिन्याचं भाडं ४८,५००, म्हणजे वर्षाला ५ लाख ८२ हजार. भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं, रंग लागतो. पाच घरांमागे वर्षाला एकेक महिना धरला तर ४५ हजार गेले. उरले ५ लाख ३७ हजार. त्यातून कर ३२ हजार, जिन्यातले दिवे, पाण्याची मोटार, टाकी धुणं, झाडलोट यांचे २७ हजार, दुरुस्तीसाठी बाजूला ४५ हजार, दलाली आणि करारनोंदणीचे १३ हजार. हातात ४ लाख २० हजार, म्हणजे महिना ३५ हजार.

आता खर्चाची बाजू. पिंपरी-चिंचवड हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के : ९ लाख १० हजार. नोंदणी ३० हजार. वकील, सर्च (जुन्या नोंदणीकृत दस्तांची तपासणी), मूल्यांकन, स्ट्रक्चरल तपासणी मिळून ६० हजार धरा. बिल्डिंग तुम्हाला १ कोटी ४० लाखांना पडते आणि निव्वळ परतावा बरोब्बर ३ टक्के. मुद्रांक हे खरेदीची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त असेल त्यावर लागतं, तेव्हा रेडी रेकनरचा (सरकारी दरतक्त्याचा) आकडा आधी काढून घ्या. फक्त महिलेच्या नावावर निवासी खरेदी असेल तर १ टक्का सवलत आहे. ती मिळत असेल तर सोडू नका.

७५ लाखांवरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ७५ टक्के, आणि त्या किमतीत मुद्रांक-नोंदणी धरत नाहीत. जास्तीत जास्त ९७.५ लाख. ९ टक्के दर, २० वर्षं : हप्ता सुमारे ८७,७००. भाड्यातून ३५ हजार. दरमहा ५२-५३ हजार पगारातून घालावे लागतील. भाड्याने हप्ता फेडायचा तर याच दराने कर्ज फार तर ३९ लाखांचं असावं. शिवाय सहा घरांची अख्खी भाड्याची इमारत म्हटल्यावर काही बँका गृहकर्जाऐवजी मालमत्ता तारण कर्ज देतात. त्याचा दर चढा, मुदत कमी.

प्राप्तिकराचा भरवसाही कोणी देत असेल तर जपून. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट आणि व्याज, हे खरं. पण व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर तो तोटा नव्या करप्रणालीत पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतच. तुमचं पहिल्या वर्षाचं व्याजच पावणेनऊ लाखांच्या आसपास जाईल.

आणि व्यवहार ५० लाखांच्या वर आहे, म्हणून १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायची जबाबदारी खरेदीदाराची. मालक परदेशस्थ असेल तर दर बराच जास्त. हे विसरलं तर व्याज आणि दंड तुमच्याच माथी.

सातबारा_वाचक :

किमतीवर बोलण्याआधी दोन नकाशे बघा, कारण त्यातलं उत्तर वाईट आलं तर पुढचा एक रुपयाही खर्च करायला नको.

पहिला, रेड झोन, म्हणजे लष्करी दारूगोळा कोठारांभोवतीचा बांधकामबंदीचा पट्टा. दिघी मॅगझिनच्या संरक्षित हद्दीपासून ११४५ मीटरचा पट्टा आहे आणि देहूरोड डेपोचा २००० यार्डांचा. तुम्ही दिघीची बाजू म्हणता, म्हणजे हा प्रश्न आधी. त्या पट्ट्यात बांधकाम नियमित होत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि पुढे विकताना गिऱ्हाईकही तुमच्यासारखंच सावध असणार. दलालाच्या तोंडी शब्दावर राहू नका. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर घालून महापालिकेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. त्यातच विकास आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण जागेवरून जातंय का तेही कळेल.

दुसरा, पूररेषा. भोसरीत हा प्रश्न सहसा येत नाही, पण पुढे मोशी-चिखलीकडची एखादी बिल्डिंग बघाल तर आधी इंद्रायणीची निळी रेषा (जिच्या आत बांधकामाला बंदी असते ती पूररेषा) बघा. मे २०२५ मध्ये चिखलीत त्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. लोक तिथे राहत होते, कर भरत होते.

आता मालकी. सातबाऱ्यावर मालकाचं नाव आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. दोन गुंठे बहुधा मोठ्या गटातले असतात आणि उताऱ्यावर पंचवीस-तीस नावं सामाईकात लागलेली असतात. मग मालकाने विकलेले दोन गुंठे नेमके कुठले, हे कागदावर कुठेच ठरत नाही. मोजणी नकाशा किंवा मंजूर रेखांकन आहे का ते विचारा. उताऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कूळ, वतन, इनाम, पुनर्वसनाचा शेरा, बँकेचा बोजा यांपैकी काय आहे ते वाचा. भोगवटादार वर्ग-२ (सरकारने अटींवर दिलेली जमीन) असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्रीच होत नाही. फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) एकेक करून मागे न्या, ३० वर्षांचा सर्च घ्या, प्रत्येक व्यवहाराची सूची २ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) जुळवा.

जमीन वडिलोपार्जित असेल तर मालकाच्या बहिणी कुठे आहेत हे विचारायला संकोच करू नका. २००५ च्या दुरुस्तीपासून मुलींचा हिस्सा मुलग्यांएवढा आहे. "त्यांचं काही म्हणणं नाही" हे उत्तर चालत नाही. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं, नाहीतर त्यांनी खरेदीखतावर संमती देणाऱ्या म्हणून सही करावी.

मालकाने स्वतः ही जागा नोटरी कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर घेतली असेल तर त्याच्याकडे विकायला मालकीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केलं आहे, तरी गुंठेवारीच्या (परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनींच्या) पट्ट्यात असे कागद अजून फिरतात.

पहिलीच_खरेदी :

हिशेब बघून झोप उडाली, पण बरं झालं. झोन दाखल्यासाठी अर्ज टाकतो. मालकाने नोंदणीकृत खरेदीखत, मालमत्ता कराच्या पावत्या आणि गुंठेवारी नियमितीकरणाचा दाखला दाखवला. दाखल्यात तळमजला आणि पहिला मजला एवढंच आहे. दुसरा मजला २०२२ मध्ये चढवला. त्याचाही कर भरलाय, शास्तीकर (अनधिकृत बांधकामावरचा दंडाचा कर) माफ झालाय, म्हणून तो अधिकृत आहे असं मालक म्हणतो.

सातबारा_वाचक :

नाही. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

कर वापरावर लागतो, अनधिकृत बांधकामावरही लागतो. पावती मिळाली म्हणून बांधकामाला परवानगी मिळत नाही. शास्तीकर २०२३ मध्ये माफ झाला तो दंड माफ झाला, बांधकाम नियमित झालं नाही. आणि गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपुरती वाढली. २०२२ चा मजला त्यात बसत नाही. सामान्य बांधकाम नियमांखाली तो नियमित होईल का, हे रस्त्याची रुंदी, सोडलेली सामासिक जागा आणि शिल्लक चटई क्षेत्र (एफएसआय) यावर ठरेल. दोन गुंठ्यांवर चारी बाजूंनी जागा खाल्लेली असेल तर आशा कमी. स्थानिक आर्किटेक्टकडून लेखी मत घ्या. पाडकामाची नोटीस येईल तेव्हा ती ताबा असलेल्या मालकाला येईल, म्हणजे तुम्हाला.

कर्जाचंही तेच. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांना भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला बघूनच कर्ज द्यायला सांगितलं आहे. मूल्यांकन करणारा वरचा मजला शून्य धरेल.

हिशेबवही :

मग माझा वरचा हिशेब बदलतो. वरची दोन घरं काढा. उरतात तीन घरं ९,००० ची आणि एक ३,५०० चं : महिना ३०,५००, वर्षाला ३ लाख ६६ हजार. रिकामे महिने (२७ हजार) आणि घरं कमी झाल्याने घटलेला ९५ हजार खर्च वजा जाता २ लाख ४४ हजार. त्याच ३ टक्क्यांनी एकूण खर्च ८१ लाखांपर्यंत बसतो, म्हणजे मुद्रांक वगळता किंमत साधारण ७५ लाख. जमिनीच्या भावामुळे मालक इतका खाली येणार नाही, कदाचित. पण १.३० कोटी आणि ही रक्कम यातला फरक तुम्ही अनधिकृत मजल्यासाठी आणि उद्याच्या भाववाढीच्या आशेसाठी मोजत असाल. ते डोळ्यांसमोर ठेवून बोलणी करा.

भाडेकरार_वाले :

भाडेकरूंबद्दल कोणी बोललं नाही. या व्यवहारात मला तोच धोका जास्त वाटतो.

महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. घरमालकाला ५,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नोटरी केलेल्या अकरा महिन्यांच्या कराराला हे सगळं लागू आहे. म्हणजे तुमच्या सहापैकी सहाही घरांचे कागद कच्चे आहेत.

१४ वर्षं राहणाऱ्या कुटुंबाला उद्या 'आम्ही कायद्याचं संरक्षण असलेले भाडेकरू' म्हणायला काहीच अडचण नाही. मालक बदलल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, तो जागेबरोबर तुमच्याकडे येतो. भाडं वर्षाला ४ टक्के वाढेल. काढायचं तर कलम १६ मधलं कारण सिद्ध करा : स्वतःची गरज, पोटभाडेकरू ठेवणं, जागेचं नुकसान वगैरे. दावा, अपील, उच्च न्यायालय. वर्षं मोजायला लागतात. तेही एक घर आहे, त्या माणसांनी काही चूक केलेली नाही, म्हणून दमदाटी, पाणी-वीज तोडणं हा मार्ग धरूच नका. तो गुन्हाही आहे आणि तुमचाच दावा बुडवतो.

दोनच सरळ वाटा. एक, विक्रीआधी मालकाने त्यांच्याशी तडजोड करावी, रक्कम द्यावी आणि ताबा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त करून घ्यावा. घर रिकामं बघून मगच तुम्ही खरेदीखतावर सही करा. "खरेदी झाली की आठवड्यात काढून देतो" याला काडीची किंमत नाही. दुसरी, त्यांना राहू द्या आणि ते घर कायम ३,५०० चंच समजून भाव ठरवा.

बाकीच्या घरांसाठी खरेदीच्या आधी प्रत्येक भाडेकरूकडून सहीचा कागद घ्या : कधीपासून राहतो, भाडं किती, अनामत किती, कुठल्या महिन्यापर्यंत भरलं, मालकाला काही आगाऊ दिलंय का. मालकाचीही त्यावर सही. मालक सांगतो ३० हजार आणि भाडेकरू म्हणतो ५०, हे सर्रास निघतं. ठरलेली अनामत, तुमच्या बाबतीत दीड लाख, किमतीतून वळती करा. ती परत तुम्हालाच द्यायची आहे. खरेदीखत झालं की त्याच आठवड्यात पाचही जणांशी नवे लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना), नोंदणी करून. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का (अनामतीवरचं १० टक्के व्याजही त्यात धरतात), शहरात नोंदणी १,००० रुपये. एवढ्या पैशांत कलम २४ चं संरक्षण मिळतं : मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज आणि न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई. पोलीस पडताळणी ऑनलाइन होते, तीही तेव्हाच उरका.

विटा_सिमेंट :

बांधकामाचं थोडक्यात. दोन मजल्यांच्या पायावर तिसरा स्लॅब चढवलाय, तेव्हा कॉलम किती, मूळ डिझाइन किती मजल्यांचं, याचा कागद मागा. नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून रिबाउंड हॅमर चाचणी (काँक्रीटची ताकद अजमावणारी) आणि दोन-तीन ठिकाणी सळई उघडून बघणं. तळमजल्याच्या कॉलमला उभ्या चिरा म्हणजे आतली सळई गंजून फुगली आहे. हे रंगाने झाकतात. ताजा रंग फक्त तळमजल्यालाच असेल तर हटकून खरवडा.

पाणी : सहा घरं, चार माणसं, माणशी १३५ लिटर, रोजचे सुमारे ३,२४० लिटर. शहरात पाणी दिवसाआड येतं, म्हणजे साठवण निदान ६,५०० लिटर हवी. गच्चीवर हजाराच्या दोन टाक्या आणि खाली हौद नसेल तर उन्हाळ्यात टँकर तुमच्या खिशातून.

वीज : सहा स्वतंत्र मीटर आहेत का? एकाच मीटरवर सबमीटर लावून वाटलेली वीज महाग पडते, कारण सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या टप्प्याच्या दरात जातात. प्रत्येक ग्राहक क्रमांकाची थकबाकी तपासा. ती भाडेकरूची असली तरी जागेला चिकटते.

ड्रेनेज महापालिकेच्या लाइनला जोडलंय की सेप्टिक टँक, हे झाकण उघडून बघा.

पहिलीच_खरेदी :

मालक पाच लाख विसार (आगाऊ रक्कम) मागतोय, या रविवारी. काय करू?

सातबारा_वाचक :

झोन दाखला हातात येईपर्यंत काही देऊ नका. तो स्वच्छ आला तर एक लाख, चेकने, आणि विसार पावतीत या अटी : ४५ दिवसांची मुदत, वकिलाचा सर्च किंवा बँकेची कायदेशीर तपासणी प्रतिकूल आली तर पूर्ण रक्कम सात दिवसांत परत, जाहीर नोटिशीला हरकत आली तर ती मालकाने स्वखर्चाने मिटवायची, १४ वर्षांच्या भाडेकरूचं घर खरेदीखताच्या दिवशी रिकामं, आणि दुसऱ्या मजल्याचा उल्लेख 'मंजुरीविना' असाच, म्हणजे किंमत कशाची ठरली यावर पुढे वाद नको. पेपरात १५ दिवसांची जाहीर नोटीस तुमच्या वकिलाच्या नावाने द्या, मालकाच्या नव्हे. बहिणींच्या सह्या लागणार असतील तर त्यांची तारीखही पावतीतच घाला. मालक या अटींवर पावती लिहून द्यायला तयार नसेल तर रविवारी जाऊच नका.