ग्लस्टरएफएसमध्ये स्प्लिट-ब्रेन झालाय, दोन्हीकडच्या नोंदी वाचवायच्यात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या मासिकांचं स्कॅनिंग चालू आहे, सगळं हौसेचं काम. तळमजल्यावर एक मशीन आणि माडीवर एक, दोन्हीवर उबुंटू, त्यावर ग्लस्टरएफएसचा (अनेक मशीनच्या डिस्क एकत्र वापरणारी फाइल-साठवण) रेप्लिका २ व्हॉल्यूम, म्हणजे प्रत्येक फाइलची एकेक प्रत दोन्ही मशीनवर ठेवणारी सामाईक जागा, एक डिस्क गेली तरी दुसरीकडे सगळं राहील एवढाच विचार करून मी तो लावला होता. शनिवारी दुपारी जिन्याखालचा स्विच बंद पडला आणि तीन तास कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण दोन्ही मशीन आपापल्या डिस्कवर लिहीत राहिली, कुणाचं काहीच अडलं नाही. स्विच बदलला आणि सूचीची फाइल उघडतोय तर इनपुट/आउटपुट एरर. हील इन्फोत (प्रती जुळायच्या राहिलेल्या फायलींची यादी) बघितलं, ९ फायली स्प्लिट-ब्रेनमध्ये, म्हणजे दोन्हीकडच्या प्रती वेगळ्या झाल्यात आणि खरी कोणती ते ग्लस्टरला ठरवता येत नाही.

स्कॅनची काळजी नाही, ते खालीच होतात. जीव अडकलाय तो सूचीत. साधी सीएसव्ही आहे, खाली ४१ ओळी वाढल्यात, वर ६७. वरच्या ओळी एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी भिंग घेऊन भरल्यात, 'पान ११२, खालच्या दोन ओळी कसरीने खाल्ल्या' अशा. ते अंक परत उघडायचे म्हणजे पानं हातात तुटतात हो.

लेटेस्ट-एमटाइम (शेवटी बदललेली प्रत), बिगर-फाइल (आकाराने मोठी प्रत), सोर्स-ब्रिक (आपण निवडू त्या ब्रिकवरची, म्हणजे त्या मशीनवरच्या साठवणीच्या फोल्डरमधली प्रत) तिन्ही पर्याय वाचले, पण तिन्हीत एक आख्खी प्रत राहते नि दुसरी जाते ना? मला दोन्ही हव्यात. ब्रिकच्या फोल्डरमधून थेट कॉपी काढली तर चालेल का? आणि आर्बिटर (स्प्लिट-ब्रेन टाळायला जोडतात तो तिसरा ब्रिक) आत्ताच जोडू की आधी हे निस्तरू? तोवर कुणाला व्हॉल्यूमला हात लावू देत नाहीये.

प्रतिसाद:
घाबरू नका, दोन्ही प्रती आपापल्या ब्रिकवर आहेत. ब्रिकमधून नुसतं वाचायला हरकत नाही, तिथे लिहू किंवा पुसू मात्र नका. दोन्हीकडची सूची व्हॉल्यूमच्या बाहेर वेगवेगळ्या नावाने घ्या, डिफ (दोन फायलींतला फरक दाखवणारी कमांड) लावून हाताने एकत्र करा. मग सोर्स-ब्रिकने एक बाजू निवडा, हीलची यादी रिकामी झाली की एकत्र केलेली फाइल माउंटवरून (व्हॉल्यूम नेहमी जिथून उघडता तिथून) टाका. बाकीच्या ८ फायलींचंही हेच. आर्बिटर त्यानंतर. तो फक्त फायलींची नावं आणि मेटाडेटा ठेवतो म्हणून जुना पीसी पुरतो, पण तो तिसऱ्याच मशीनवर हवा, नाहीतर ते एक मशीन गेलं की तीनपैकी दोन ब्रिक एकदम जातात. आणि पुन्हा स्विच गेला तर ज्या बाजूला दोन ब्रिक दिसतात तिथेच लिहिता येईल, दुसरीकडे एरर येईल, हे बाईंना आधीच सांगून ठेवा.